सोलापूरच्या पाण्याचा कागद नऊ खणांचा पाहिजे

सोलापुरात पाण्याचा विषय निघाला की बोलणं दोनच प्रश्नांवर येऊन थांबतं, उजनी धरण प्लसमध्ये आहे का मायनसमध्ये, आणि पाइपलाइनचं काय झालं. रिक्षावाल्याला विचारा, कॉलेजच्या सरांना विचारा, इलेक्शनला उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा, हेच दोन. नव्वदच्या दशकात उजनीवरून थेट पाइपलाइन आली, मग तिच्या जोडीला समांतर जलवाहिनी, साधारण 110 किलोमीटर लांब आणि 170 एमएलडीची म्हणजे दिवसाला 17 कोटी लीटर, आणि ती झाली की रोज पाणी हे इतकी वर्षं ऐकलं की शाळेत असताना ऐकलेली पोरं आता स्वतः घरपट्टी भरायला लागली. रोज पाणी सगळ्यांच्या नळाला अजून नाहीच. उद्या कुणी तिसरी लाइन मागितली तर मला तरी नवल वाटणार नाही.

माझं म्हणणं असं की इथून पुढं पाण्यावर मोठा खर्च करायच्या आधी महापालिकेनं एक कागद भरून तो लोकांसमोर ठेवला पाहिजे, नऊ खणांचा. फुल्ली-गोळा खेळताना आखतो तसा. मधल्या ओळीत ज्या गोष्टीचा प्रॉब्लेम आहे ती गोष्ट, खालच्या ओळीत ती ज्यापासून बनलीय ते बारीकसारीक भाग, वरच्या ओळीत ती स्वतः ज्या मोठ्या व्यवस्थेचा भाग आहे ते. आणि आडवे तीन रकाने, काल आज उद्या. आपण सगळे त्यातल्या एकदम मधल्या खणात बसलोय, 'पाइपलाइन, आज'. बाकीचे आठ रिकामे आहेत आणि माझं तर स्पष्ट मत आहे की उत्तरं तिथंच पडलीयत.

ही पद्धत माझी नाही. गेन्रिख आल्टशुलर नावाचा एक सोव्हिएत माणूस होता, 1926 सालचा जन्म, बाकूत वाढलेला, नौदलात लोकांचे शोध तपासायच्या कामावर होता. हजारो पेटंटं चाळून त्याच्या लक्षात आलं की चांगले शोध कसेही सुचत नाहीत, त्यात ठरावीक चाली असतात, आणि त्या शिकवता येतात. 1948 मध्ये त्यानं थेट स्टालिनला पत्र लिहिलं की देशात नवीन शोध लावायच्या पद्धतीचा सगळा गोंधळ आहे. व्हायचं तेच झालं, 1950 मध्ये अटक, पंचवीस वर्षांची शिक्षा, वोर्कुताच्या छावणीत रवानगी. स्टालिन गेल्यावर 1954 मध्ये सुटला आणि 1956 मध्ये शापिरो नावाच्या मित्राबरोबर पहिला लेख छापला. त्या पद्धतीला ट्रिझ म्हणतात, आज जगभरच्या कंपन्यांत तिचे कोर्स चालतात. त्यातलाच हा नऊ पडद्यांचा तक्ता. आल्टशुलर म्हणायचा की साध्या माणसाला झाड म्हटलं की झाड दिसतं, आणि ज्याचं डोकं चालतं त्याला त्याच वेळी पानही दिसतं आणि जंगलही, आणि या तिन्हींचं कालचं आणि उद्याचं रूपसुद्धा.

ठीक आहे, आता सोलापूर. खालच्या ओळीपासून सुरू करू कारण तिथं कुणी बघतच नाही.

पाइपलाइनच्या खाली काय काय येतं? जलशुद्धीकरण केंद्रं (पाकणी, सोरेगाव, भवानी पेठ), उंच टाक्या, गल्लीतल्या जुन्या लाइनी, व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह फिरवणारा चावीवाला, आणि शेवटी तुमच्या आमच्या घरातली बॅरल, हौद, गच्चीवरची काळी टाकी. आता जरा हिशेब करा. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 9 लाख 51 हजार होती. एका घरात पाच माणसं धरली तर एक लाख नव्वद हजार घरं. प्रत्येक घरात सरासरी पाचशे लीटर साठवण समजा, कुणाकडं दोन बॅरल असतील कुणाकडं पाच हजारांचा हौद, तर सगळं मिळून साडेनऊ कोटी लीटर होतं. म्हणजे लोकांनी महापालिकेची वाट न बघता, आपल्या खिशातनं, आपल्या जागेत, शहराची पाऊण दिवसाची गरज भागेल एवढी टाकी बांधून ठेवलीय. आल्टशुलरच्या पद्धतीत पहिला प्रश्न हाच असतो की काम करायला आधीच काय हाताशी पडलंय. ही टाकी कुठल्याच रिपोर्टात दिसत नाही.

आणि ती वापरली कशी जाते बघा. पाणी येणार म्हटलं की बायका आदल्या पाण्याचं जे उरलंय ते अंगणात, गटारीत ओततात, कारण ते 'शिळं' झालं आणि बॅरल मोकळं नसलं तर ताजं भरणार कशात. त्यात त्यांची काही चूक नाही. पुढचं पाणी तीन दिवसांनी येणार का पाच, दुपारी का पहाटे तीनला, हे माहीत नसेल तर बॅरल काठोकाठ भरून ठेवणं हाच शहाणपणा आहे. पाणी चार-पाच दिवस साठून राहतं म्हणून डेंगीचा डास तिथंच अंडी घालतो, मग आरोग्य खात्याचा माणूस येऊन तेच बॅरल ओतायला लावतो आणि कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतो. म्हणजे एक खातं पाणी उशिरा देतं म्हणून साठवायला लागतं, दुसरं खातं साठवलं म्हणून ओरडतं, आणि दोघांचं ऑफिस एकाच बिल्डिंगीत.

आता यावर फुकटातला एक उपाय आहे आणि तो पाइपच्या खणात नाही, वेळेच्या रकान्यात आहे. पाणी वाढवू नका, वेळ पक्की करा. एखाद्या उंच टाकीच्या भागाला दर तिसऱ्या दिवशी सकाळी सहा ते आठ, म्हणजे सहा ते आठच, लाइट गेली किंवा लाइन फुटली तर तासाभरात मोबाइलवर मेसेज. पुढचं पाणी नक्की कधी हे कळलं तर माणूस ओतताना दहादा विचार करेल. मी असं म्हणत नाही की ओतणं बंद होईल, शिळ्या पाण्याची सवय अशी एका मेसेजनं जात नाही. पण भीतीपोटी जे भरलं जातं ते तरी कमी होईल, आणि त्याला पाइप लागत नाही, टेंडर लागत नाही. (कदाचित म्हणूनच कुणी करत नसेल.)

मोटारीचं पण तसंच. पाणी दोन तास येणार म्हटल्यावर सगळी गल्ली नळाला मोटार लावते, मग शेवटच्या घराला फुस्स. तो ओरडतो, मग चावीवाला अर्धा तास जास्त सोडतो, मग पुढच्या भागाचं वेळापत्रक सरकतं. शिवाय पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते, शेजारून गटार गेलेलं असतं, आणि लाइनीत आतनं दाब नसला की गळतीच्या भोकातनं बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं, मोटारींनी तर आणखीनच. म्हणजे पहिली दहा मिनिटं जे पिवळं पाणी येतं ते लाइन जुनी असल्यामुळं तर आहेच, पण लाइन रिकामी राहते ह्याचाही त्यात मोठा हात आहे. नवी लाइन टाकून तीही चार दिवसांतनं एकदा भरायची असेल तर काही वर्षांत तिथंही तेच.

चोवीस तास पाणी म्हटलं की लोक हसतात, म्हणतात पुण्या-मुंबईला नाही तर आपल्याला कुठनं. पण कराडजवळचं मलकापूर, सातारा जिल्हा, तिथं हे दीड दशकापूर्वीच झालं, मीटर लावून. गाव लहान आहे हे मान्य. मग गुलबर्गा घ्या. हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा इथं 2008 च्या आसपास शहराचा थोडासा भाग निवडून तिथं चोवीस तास पाणी करून दाखवलं, सगळं शहर नाही, थोडेच वॉर्ड. गुलबर्ग्याचं ऊन आपल्यापेक्षा कमी नाही, पाऊसही काही ढीगभर नाही, आणि पाण्यासाठी तेही भीमेवर अवलंबून आहेत, आपल्या खालच्या अंगाला. मग खालच्याला जमलं ते वरच्याला का नाही हा प्रश्न तरी विचारा! त्यांनी बदललं काय तर एका भागाच्या लाइनी वेगळ्या काढल्या, गळती शोधली, मीटर बसवले आणि दाब कायम ठेवला. सगळी कामं खालच्या ओळीतली.

वरच्या ओळीत मात्र गंमत संपते, तिथं भांडणं आहेत.

उजनी 1980 साली पूर्ण झाली. एकूण साठा 117 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण 2,830 कोटी लीटर), त्यातला 63 टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. म्हणून आपल्याकडं वजा टक्क्यांची भाषा आहे, 2024 च्या उन्हाळ्यात धरण वजा 50 च्याही खाली गेलं आणि त्याच ऑगस्टात भरून वाहिलं. आता शहराला वर्षाला किती पाणी लागतं? माणशी 135 लीटर हा सरकारी निकष, साडेनऊ लाख लोक, रोजचे पावणेतेरा कोटी लीटर, वर्षाचे पावणेदोन टीएमसीपेक्षा कमी. वाढलेली लोकसंख्या धरा, गळती धरा, दोन सव्वादोन म्हणा. 117 टीएमसीच्या धरणाला हे म्हणजे काहीच नाही. म्हणून कुणी 'उजनीत पाणी नाही म्हणून नळाला पाणी नाही' म्हणाला की मी ऐकून घेतो पण पटवून घेत नाही.

पण शहरासाठी म्हणून धरणातनं जे सुटतं ते दोन टीएमसी नसतं. नदीतनं शहराला पाणी उपसणाऱ्या टाकळीच्या पंपांना पाणी मिळावं म्हणून भीमा नदीत पाणी सोडतात, ते दोनशे किलोमीटरच्या वर वाहत येऊन औज आणि चिंचपूरचे बंधारे भरतं, आणि एकेका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी लागतात, वर्षात अशी तीन-चार. बाकीचं वाळूत मुरतं, उन्हात उडतं, काठावरच्या मोटारी उचलतात, म्हणून त्या काळात नदीकाठची लाइट कमी करतात आणि मग रास्ता रोको होतो. शहरातला माणूस म्हणतो आमचं पाणी शेतकऱ्यांनी चोरलं, शेतकरी म्हणतो शहराच्या नावावर धरण रिकामं केलं. दोघंही आपापल्या खणातनं बरोबर बोलतात.

इथं सगळ्यात सोपा निष्कर्ष म्हणजे, नदीतनं सोडणं ही शुद्ध नासाडी, समांतर लाइन आली की बंद करा, पंधरा-वीस टीएमसी वाचेल. हे भाषणात लय छान वाटतं. पण वरच्या खणातनं बघा, ते पाणी वाया कुठं जातं? पंढरपूरची चंद्रभागा त्यावर ओली राहते, मंगळवेढ्याकडच्या आणि दक्षिण सोलापूरच्या नदीकाठच्या गावांच्या विहिरी त्यावर भरतात, कितीतरी गावांची पिण्याची योजना त्याच नदीपात्रात आहे. आपण ज्याला गळती म्हणतो तो तिथल्या माणसाचा नळ आहे. कागदावर तो पुरवठा कुणाच्याच नावावर नाही, पण प्रत्यक्षात आहे. शहराची लाइन झाली म्हणून नदी सोडणं एकदम बंद केलं तर पहिल्याच कमी पावसाच्या वर्षी एवढं मोठं भांडण लागेल की आजचं रास्ता रोको परवडलं म्हणाल. म्हणून जे पाणी वाचेल त्याचा हिशेब आधी ठरला पाहिजे, किती नदीला, किती कालव्याला, किती धरणातच राखीव. हे अजून कुठल्या भाषणात मी ऐकलेलं नाही.

अजून एक खण वर चढलं की ऊस येतो. साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणारा जिल्हा आणि साखर कारखाने तीसच्या वर, राज्यात सगळ्यात जास्त. आणि त्याहून वर पुणे-पिंपरी, ज्यांचं सांडपाणी मुळा-मुठेतनं भीमेत आणि भीमेतनं उजनीत येतं, आपण ते गाळून पितो. आणखी वर मुळशीसारखी टाटांची धरणं, भीमेच्या खोऱ्यातलं पाणी विजेसाठी कोकणात उतरवणारी. ह्या खणात सोलापूर महापालिकेचं काहीही चालत नाही, हे मला माहीत आहे.

ह्या नऊ खणांच्या पद्धतीवर माझा आक्षेपच इथं आहे. आल्टशुलरनं पेटंटं वाचली, आणि पेटंटात अडचण वस्तूंची असते, पाइप जाड पाहिजे पण जड नको, असली. तिथं हुशार चाल सापडली की दोन्ही बाजू जिंकतात. आपल्या वरच्या ओळीत अडचण माणसांच्या हिताची आहे. उसाला भाव, कारखान्याला गाळप, त्यावर उभं राजकारण, ह्यांच्यात असा कुठला जादूचा व्हॉल्व्ह नाही की फिरवला आणि सगळे खूश. तक्ता भरून कुणाला ताकद मिळत नाही. फक्त कुणाचं काय जाणार आणि कुणाला काय मिळणार हे एका पानावर दिसतं, आणि ते दिसू नये अशी बऱ्याच जणांची इच्छा असते, म्हणून तर मी हा कागद सार्वजनिक पाहिजे म्हणतोय, आयुक्तांच्या कपाटात नको.

एकमेकांचे खण न बघता बांधकाम केलं की काय होतं ते आपण होटगी रोडला पाहिलंय. विमानतळ जुना, त्याच्या जवळ सिद्धेश्वर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी उभी राहिली, मग विमानांना तिचा अडथळा म्हणून वाद, वर्षानुवर्षं मोर्चे, कोर्ट, आणि 15 जून 2023 ला ती पाडली. कोण बरोबर ह्यात मी पडत नाही, आमच्याच घरात दोन्ही पार्ट्या आहेत. पण चिमणी बांधताना वरचा खण आणि उद्याचा खण कुणी मिळून भरला असता तर हे सगळं कागदावरच भांडून मिटलं असतं.

आता उद्याच्या रकान्यातलं एक उत्तर, जे मला सगळ्यात जास्त आवडतं. फताटेवाडीला एनटीपीसीचं 1320 मेगावॅटचं वीजकेंद्र आहे, त्याचं पाणीसुद्धा उजनीतनंच येतं. नव्या औष्णिक केंद्रांना मेगावॅट-तासाला 3 घनमीटर पाण्याची मर्यादा आहे, त्या हिशेबानं पूर्ण क्षमतेनं चाललं तर दिवसाला जास्तीत जास्त 95 एमएलडी. आणि शहराला 128 एमएलडी पाणी दिलं तर त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे शंभरच्या आसपास. दोन आकडे शेजारी ठेवून बघा! 2016 च्या केंद्राच्या वीजदर धोरणात तर लिहिलेलंच आहे की सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरावं. नागपूरनं कोराडीच्या केंद्राला शहराचं सांडपाणी शुद्ध करून दिलंय, म्हणजे हे महाराष्ट्रातच झालेलं काम आहे. सोलापुरात ह्याची चर्चाही नवी नाही. शहराच्या वापरलेल्या पाण्यानं वीजकेंद्र थंड झालं तर तेवढं उजनीचं चांगलं पाणी मोकळं होतं, एक लीटरही नवीन न आणता.

फक्त इथंही तोच नियम लावा जो नदीला लावला. नाल्यातनं जाणारं ते पाणी आज कुणीतरी वापरतंच, नाल्याकाठी भाजी आणि जनावरांचा चारा त्यावर निघतो. ते पाणी तब्येतीला घातक आहे हे खरं, पण तो त्या शेतकऱ्याचा बारमाही झरा आहे. सगळंच उचलून केंद्राला दिलं तर तो उघड्यावर पडणार. थोडं शुद्ध करून त्यालाही सोडा, मग भाजीही सुधारेल.

कालच्या रकान्याबद्दल मी कमी लिहितोय कारण त्यावर आपल्याकडं भाषणं लय होतात. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळं खोदलं, दर संक्रांतीला आपण त्याच्या काठी गड्ड्याच्या जत्रेला जातो, फोटो काढतो. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात एकरुखचा, म्हणजे हिप्परग्याचा तलाव बांधला आणि तो अजूनही शहराला थोडं पाणी देतो. दोन्ही वेळेला पडलेला पाऊस जवळ अडवायची अक्कल होती, आज शंभर किलोमीटरवरनं आणायची अक्कल आहे. मला जुन्याचा उमाळा नाही, तेवढ्या तळ्यांवर आजचं शहर जगणार नाही. पण उजनीची लाइन फुटली की हिप्परगा आठवतो आणि दुरुस्त झाली की विसरतो, म्हणजे त्याला आपण स्टेपनी म्हणून तरी धड सांभाळतो का, एवढंच विचारायचंय.

कुणी म्हणेल, तहान लागलीय आणि हा चौकटी आखत बसलाय. बरोबर आहे, म्हणून सगळं शहर एकदम नको. एक उंच टाकी निवडा, जिच्यावर मध्यमवर्गीय कॉलनीही आहे आणि झोपडपट्टीही. तिच्या हद्दीत पाणी किती शिरतं आणि नळाला किती पोचतं हे मोजा, वेळ पक्की करा, गळती काढा, हळूहळू तास वाढवत न्या, आणि दर महिन्याला आकडे टाकीच्या भिंतीवर रंगवा, मोठ्या अक्षरात. झोपडपट्टीत मीटर लावायचा तर पहिलं ठरावीक पाणी अगदी स्वस्त ठेवा, नाहीतर पहिल्या बिलालाच मीटर फुटतील आणि फुटलेच पाहिजेत. दोन उन्हाळे ह्यात गेले तरी चालतील. त्या एका टाकीला जमलं तर तिसऱ्या लाइनीचा विषयच निघणार नाही, आणि नाही जमलं तर नेमकं कुठं अडलं, चावीवाल्यापाशी, जुन्या लाइनीत, लाइटपाशी का बिलापाशी, हे तरी आकड्यात कळेल. आत्ता ह्यातलं काहीच आपल्याला माहीत नाही आणि तरी पुढच्या शेकडो कोटींची चर्चा सुरू करायला आपण मोकळे आहोत.